प्रभारीचे गुण, कायमची खुर्ची

६ मार्च २०१९ रोजी पॅरिसमध्ये सामना भरपाईच्या वेळेत गेला होता. डिओगो डालोने लांबून मारलेला चेंडू प्रेस्नेल किम्पेम्बेच्या हाताला लागून बाहेर गेला. पंच मैदानाच्या कडेला ठेवलेल्या पडद्यावर ते दृश्य पुन्हा पाहायला गेले आणि परत येऊन त्यांनी पेनल्टी दिली. समोर ४१ वर्षांचा बुफॉन आणि फटका मारायला २१ वर्षांचा मार्कस रॅशफर्ड. भारतात पहाटेचे साडेतीन व्हायला आले होते. पुण्या-मुंबईत लाल जर्सी अंगात घालून आणि टीव्हीचा आवाज बारीक करून बसलेल्यांना त्या गोलनंतर घरच्यांची झोप मोडणार नाही, याची काळजी घेता आली नसावी. मँचेस्टर युनायटेडने पॅरिस सेंट-जर्मेनला ३-१ असे हरवले होते. पहिला सामना आपल्याच मैदानावर ०-२ असा गमावून पुढच्या फेरीत गेलेला चॅम्पियन्स लीगच्या इतिहासातला हा पहिला संघ. तोही दहा प्रमुख खेळाडूंविना.

त्या रात्री संघाची सूत्रे होती ओले गुन्नार सोल्शार यांच्याकडे. आणि ते तेव्हा फक्त काळजीवाहू मॅनेजर होते.

पुढचे सगळे ओघानेच आले. क्लबचाच माजी बचावपटू रिओ फर्डिनंड टीव्हीवर म्हणाला, की करार टेबलावर ठेवा आणि रक्कम त्यांनाच भरू द्या. मँचेस्टरच्या पबपासून मुंबईतल्या चाहत्यांच्या गटांपर्यंत वाद एकच होता: सोल्शार यांना कायम करायचे की उन्हाळ्यात टॉटनहॅमच्या मॉरिसिओ पोचेटिनो यांना आणायचे? डिसेंबरमध्ये नेमणूक करताना क्लबने सांगितले होते, की हंगाम संपेपर्यंत सोल्शार पाहतील आणि कायमचा मॅनेजर पूर्ण शोध घेऊन ठरवू. प्रत्यक्षात २८ मार्चलाच तीन वर्षांचा करार झाला. तोवर १९ पैकी १४ सामने जिंकून झाले होते. लीगचे आठ सामने बाकी होते.

‘प्रभारी’ हा शब्द मराठी माणसाला समजावून सांगावा लागत नाही. प्रभारी प्राचार्य, प्रभारी मुख्याध्यापक, प्रभारी अधिकारी आपण रोज पाहतो. सहीखाली कंसात तो शब्द लिहीत काहींची निवृत्ती येते. आपल्याकडे तक्रार असते ती कायम नेमणूक वेळेवर होत नाही याची. फुटबॉलमध्ये रोग उलटा आहे. तिथे प्रभारी माणूस पाच-सहा सामने जिंकला, की त्याला उद्याच कायम करा म्हणून गॅलरी ओरडू लागते आणि संचालकांनाही ते ऐकायला गोड वाटते. आमचा आक्षेप सोल्शार या माणसावर नाही. एका कामाची परीक्षा घ्यायची आणि त्या गुणांवर दुसऱ्याच कामाची नेमणूक द्यायची, या पद्धतीवर आहे.

प्रभारी मॅनेजर येतो कधी, ते आधी पाहू. संघ खड्ड्यात गेलेला असतो तेव्हा. १८ डिसेंबर २०१८ रोजी जोस मॉरिन्हो यांना काढले, तेव्हा युनायटेड १७ सामन्यांत २६ गुणांवर होता आणि लिव्हरपूलपेक्षा १९ गुणांनी मागे. पॉल पोग्बासारख्या खेळाडूशी मॅनेजरचे उघड वाजले होते. संघातली माणसे मात्र एवढी वाईट कधीच नव्हती. अशा वेळी जो कोणी येईल, त्याच्या वाट्याला चढणच येते, कारण उतार संपलेला असतो. नेदरलँड्समधील अर्थतज्ज्ञ बास टेर वेल यांनी १९८६ ते २००४ या काळातील डच लीगचा अभ्यास केला. मॅनेजर हटवल्यावर निकाल सुधारतात हे त्यांनाही दिसले. पण तशाच घसरगुंडीत ज्या क्लबांनी मॅनेजर हटवला नाही, तेही तेवढेच सावरले होते. ताप आपोआप उतरायच्या दिवशी जो वैद्य बोलावला, त्याच्या हाताला गुण आहे म्हणायचे, तसा हा प्रकार.

त्यात वेळापत्रकही पाहावे लागते. सोल्शार यांचे पहिले लीग सामने होते कार्डिफ, हडर्सफील्ड, बोर्नमथ आणि न्यूकॅसलशी. यांतले पहिले दोन संघ त्याच हंगामात खालच्या श्रेणीत गेले. कार्डिफमध्ये युनायटेडने पाच गोल केले. लीगमध्ये पाच गोल करायला या क्लबला सर अ‍ॅलेक्स फर्ग्युसन यांच्या २०१३ मधील अखेरच्या सामन्यानंतर तेव्हाच जमले. ज्या चाहत्याने मॉरिन्हो यांचे बचावात्मक, कुढे फुटबॉल अडीच वर्षे सोसले, त्याला ते पाच गोल काय वाटले असतील, याची टिंगल करू नये. पोग्बा मोकळा खेळू लागला, रॅशफर्ड पुढे धावू लागला. हे खरेच घडत होते.

पण १३ जानेवारीचा वेम्ब्लीवरचा सामना पुन्हा शांतपणे पाहावा. प्रतिस्पर्धी होता पोचेटिनो यांचाच टॉटनहॅम, म्हणजे दोन उमेदवारांची समोरासमोर मुलाखतच म्हणा. युनायटेड १-० ने जिंकला. उत्तरार्धात टॉटनहॅमने चारी बाजूंनी मारा केला आणि युनायटेडचा गोलरक्षक डेव्हिड डे गियाने तो अडवला. हातांनी आणि पायांनीही. त्याने त्या दिवशी अकरा फटके वाचवले. त्यांतले दोन आत गेले असते, तर सोमवारी पोचेटिनो हेच युनायटेडचे तारणहार ठरले असते. चाहत्यांच्या वादात मात्र अकरा फटके आले नाहीत, १-० एवढेच आले. पॅरिसमध्येही चेंडू बहुतेक वेळ यजमानांच्याच पायात होता. पहिला गोल त्यांच्याच बचावपटूच्या फसलेल्या पासवर मिळाला, दुसरा बुफॉनच्या हातून सुटलेल्या चेंडूवर. नशीब हा गुन्हा नाही, पण त्यावर तीन वर्षांचा करार लिहायचा नसतो.

मुळात ही दोन कामेच वेगळी आहेत. प्रभारी माणसाला दुसऱ्याने जमवलेला संघ मिळतो. त्याने कोणाला विकत घेतलेले नसते, त्यामुळे कोणाला बाहेर बसवले तर कोणाची किंमत वाया गेली असे होत नाही. सगळ्यांची पाटी कोरी असते. ज्याला आधीच्या मॅनेजरने कोपऱ्यात बसवले, तो जीव तोडून खेळतो. ड्रेसिंग रूममध्ये हसू आणले, खेळाडूंना आवडत्या जागी खेळवले, क्लबच्या जुन्या दिवसांची आठवण दिली, तरी निम्मे काम झाले. १९९९ मध्ये बार्सिलोनातल्या चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात बायर्नविरुद्ध शेवटच्या क्षणी विजयी गोल करणारे सोल्शार ही आठवण फक्त दारातून आत येऊनच देऊ शकत होते. कायम मॅनेजरला या सवलती नसतात. कोणाला विकायचे, कोणाला घ्यायचे, तिशी ओलांडलेल्याला निरोप कसा द्यायचा, समोरच्या संघाने आपला डाव ओळखल्यावर दुसरा कोणता काढायचा, सहा महिने गोल न करणाऱ्या महागड्या खेळाडूचे काय करायचे, हे त्याच्या पुढ्यातले प्रश्न. यांतला एकही प्रश्न प्रभारीच्या परीक्षेत येत नाही.

याचा सर्वांत झगझगीत दाखला चेल्सीचा. मार्च २०१२ मध्ये आंद्रे व्हिलास-बोआस यांना काढल्यावर त्यांचे सहायक रॉबर्टो दी मॅटेओ यांच्याकडे सूत्रे आली. अडीच महिन्यांत त्यांनी एफए कप जिंकला आणि म्युनिकमध्ये, बायर्नच्याच घरी, चॅम्पियन्स लीगही. एवढे झाल्यावर कायम न करण्याची हिंमत कोण करणार? जूनमध्ये दोन वर्षांचा करार झाला, नोव्हेंबरमध्ये त्यांना काढले. त्यांच्या जागी आलेले रफाएल बेनिटेझ यांच्या पदनामातच ‘अंतरिम’ होते आणि एकेकाळी लिव्हरपूलचे मॅनेजर म्हणून चेल्सीच्या चाहत्यांना ते डोळ्यांसमोर नको होते. पहिल्या सामन्यापासून त्यांच्याविरुद्ध फलक झळकले. त्याच बेनिटेझ यांनी संघाला लीगमध्ये तिसरे स्थान आणि युरोपा लीग मिळवून दिली आणि मुकाट निघून गेले. लिव्हरपूलमध्ये केनी डाल्ग्लिश यांच्या नावाचा घोष तर आधीचे मॅनेजर खुर्चीत असतानाच सुरू झाला होता. जानेवारी २०११ मध्ये ते आले, मेमध्ये कायम झाले, पुढच्या मेमध्ये गेले. लीग कप जिंकूनही.

म्हणून प्रभारीला कधीच कायम करू नये, असा नियम काढायचा का? तसा नियम केला असता, तर अर्जेंटिनाला लिओनेल स्कालोनी मिळाले नसते. २०१८ च्या विश्वचषकानंतर त्यांना तात्पुरते बसवले, तेव्हा त्यांनी एकाही वरिष्ठ संघाचे मॅनेजरपद सांभाळलेले नव्हते. ‘याला रस्त्यावरची वाहतूकही सांभाळता येणार नाही’ अशा अर्थाचा शेरा खुद्द डिएगो मॅराडोनांनी मारला होता. त्याच स्कालोनींनी २०२१ मध्ये कोपा अमेरिका आणि २०२२ मध्ये विश्वचषक आणला. बायर्नमध्ये हान्सी फ्लिक नोव्हेंबर २०१९ मध्ये तात्पुरते आले, एप्रिलमध्ये कायम झाले आणि त्याच हंगामात संघाने तिन्ही मोठ्या स्पर्धा जिंकल्या. गंमत अशी, की या यादीत ज्यांच्यासाठी गॅलरी सर्वांत मोठ्याने ओरडली ते लवकर गेले, आणि ज्याची सर्वांत जास्त थट्टा झाली तो टिकला. दोन-चार उदाहरणांवरून सिद्धांत मांडू नये हे खरे, पण आवाजाची उंची हा पात्रतेचा पुरावा नाही एवढे म्हणायला ती पुरेत.

इथे चाहत्यांना दोष देऊन मोकळे होणे सोपे आहे. तसे करणे अन्यायाचे ठरेल. चाहता निवड समितीवर नाही. तो तिकीट काढतो, रात्री जागतो, सोमवारी कार्यालयात टोमणे खातो. मॅनेजर कोण असावा यावर तो भांडतो, तेव्हा प्रत्यक्षात ‘आपला क्लब कसा खेळावा’ या प्रश्नावर भांडत असतो. तो प्रश्न त्याचाच आहे. युनायटेडच्या चाहत्यांना २०१८-१९ मध्ये आक्रमक खेळ आणि तरुण मुलांना संधी हवी होती, आणि ती मागणी रास्त होती. चूक होते ती पुढच्या पायरीवर. मागणी खेळाच्या पद्धतीची असते, उत्तर मात्र एका नावात शोधले जाते. आणि नाव ठरवायला क्लबमध्ये जाणकार माणूसच नसेल, तर गॅलरीचा कौल हाच निर्णय होतो. त्या वेळी युनायटेडचा कारभार पाहत होते एड वुडवर्ड. ते मुळात बँकिंग क्षेत्रातले. खेळाची बाजू पाहणारा ‘फुटबॉल डायरेक्टर’ या क्लबने नेमला तो थेट मार्च २०२१ मध्ये. मॉरिन्हो आणि त्यांच्या सहायकांना घालवण्यासाठी १ कोटी ९६ लाख पौंड मोजणाऱ्या क्लबला तेवढी वर्षे एक जाणकार माणूस नेमावासा वाटला नाही.

घाई करण्याची कारणे क्लबपाशी होती, आणि सगळीच उथळ नव्हती. उन्हाळ्यातील खरेदीची तयारी मार्चपासूनच करावी लागते. करार संपत आलेल्या खेळाडूला पुढे मॅनेजर कोण हे कळायला हवे. दुसऱ्या उमेदवारांची दारेही बंद होत होती. झिनेदिन झिदान ११ मार्चला रेआल माद्रिदला परतले होते. पोचेटिनोवाद्यांनीही फार ऐट मिरवू नये. पोचेटिनो यांचा टॉटनहॅम त्या मोसमात चॅम्पियन्स लीगच्या अंतिम सामन्यात पोहोचला खरा, पण त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये त्यांनाही क्लबने घरी पाठवले. सोल्शार यांनी मात्र पुढच्या दोन पूर्ण हंगामांत संघाला तिसरे आणि दुसरे स्थान मिळवून दिले. लीगमध्ये परक्या मैदानांवर सलग २९ सामने तो हरला नाही. युरोपा लीगचा अंतिम सामना पेनल्टींवर ११-१० असा निसटला. करंडक एकही नाही, आणि नोव्हेंबर २०२१ मध्ये वॉटफर्डकडून ४-१ अशी हार झाल्यावर निरोप. ही कारकीर्द नालायक माणसाची म्हणता येत नाही, थोर मॅनेजरचीही नाही. पूर्ण शोध घेतला असता तर कदाचित तेच निवडले गेले असते, किंवा नसतेही. तो शोध मुळात घेतलाच गेला नाही, ही खरी तक्रार.

दोन महिने थांबले असते, तर काय दिसले असते हे शोधायला अटकळ बांधावी लागत नाही. करारानंतरच्या दहा सामन्यांपैकी युनायटेडने दोन जिंकले. बार्सिलोनाने दोन्ही वेळा हरवले. एव्हर्टनने चार गोल घातले. संघ सहाव्या स्थानावर राहिला, म्हणजे मॉरिन्हो यांनी सोडला होता तिथेच, आणि चॅम्पियन्स लीगची जागा हुकली. शेवटचा सामना १२ मे रोजी ओल्ड ट्रॅफर्डवर होता. समोर पुन्हा कार्डिफ. डिसेंबरमध्ये त्यांना पाच गोल घालून ही सगळी कहाणी सुरू झाली होती, आणि आता खालच्या श्रेणीत जाणे नक्की झालेले असल्याने त्यांच्यासाठी सामन्याला काही अर्थच उरला नव्हता. कार्डिफ २-० ने जिंकले. मूळ ठरल्याप्रमाणे कायमचा मॅनेजर कोण, याचा निर्णय त्या दुपारनंतर घ्यायचा होता.