तांदूळ अनेक, राइस एक

आमच्या जामसांवलीत तांदूळ ‘आणले’ जातात, ‘आणला’ नाही. इंग्रजीला मात्र ‘राइस’ मोजता येत नाही, म्हणून ते एकवचनी. मराठी माध्यमातून वाणिज्य शाखेत आलो आणि पहिल्याच ताळेबंदात ‘फर्निचर्स’ लिहिले. वर्गात हशा पिकला. ‘गुड्स’ला एस हवा, ‘फर्निचर’ला नको, पाठ करा, एवढेच उत्तर मिळाले! माझे स्पष्ट मत असे की, इंग्रजी नामांचे नियम मराठीशी ताडूनच शिकवावेत. ‘एक देव, दहा देव’ म्हणणाऱ्यास ‘शीप’चे नवल का वाटावे? दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली मराठी व्याकरण लिहिताना इंग्रजी व्याकरणाचा आधार घेतलाच होता. आता उलट वाटेने जाऊ या. धाकट्या बहिणीला मी सांगितले, फर्निचर म्हणजे दूध समज. दूध अनेकवचनी होते का? तिला लगेच पटले. मग तिने ‘न्यूज’ विचारले, तिथे मीही अडलो.