कचऱ्यातला शेंडा, कुंडीतलं झाड

बालमित्रांनो, आज आधी एक कोडं. अंगभर डोळे, पण दिसत नाही. डोक्यावर तुरा, पण आरवत नाही. सांगा पाहू कोण?

बरोब्बर, अननस!

अननस मूळचा दक्षिण अमेरिकेचा. १४९३ साली कोलंबसाने तो कॅरिबियन समुद्रातल्या एका बेटावर पाहिला. पुढे पोर्तुगीजांनी तो आपल्याकडे आणला. आग्र्याच्या बागेत दरवर्षी हजारो अननस पिकतात, असं जहांगीर बादशहाने आपल्या आठवणींत लिहून ठेवलंय. त्याच्या घराण्याला ब्रोमेलिअड म्हणतात. नर्सरीत लाल तुऱ्याची गझमॅनिया दिसते ना, ती त्याची चुलत बहीण!

आणि ते 'डोळे' माहीत आहेत का? एकेक डोळा म्हणजे एकेक फूल. शंभर-दीडशे फुलं एकमेकांना चिकटून एक फळ होतं.

आता घरी अननस आणला की शेंडा कचऱ्यात टाकू देऊ नका. असं करा :

१) शेंडा पिरगाळून काढा. खाली चिकटलेला गर साफ करा, नाहीतर तो कुजतो.

२) खालची थोडी पानं सोला. बुंध्यावर बारीक तपकिरी ठिपके दिसतील. मुळं तिथूनच फुटतात.

३) चार-पाच दिवस सावलीत सुकू द्या. घाई नको.

४) माती, वाळू आणि शेणखत मिसळून कुंडी भरा. तळाला भोक हवंच. शेंडा रोवून भोवतालची माती दाबा.

दीड-दोन महिन्यांनी शेंडा हलकेच ओढून बघा. हलला नाही, तर मुळं धरली म्हणून समजा!

आपल्या बेगडेवाडीकडे, मावळात पाऊस फार. पावसाळ्यात कुंडी पडवीत, पण उजेडात ठेवा. अननसाला पाणी थोडंच लागतं. बहुतेक झाडं पानांची छिद्रं दिवसा उघडतात. हा मात्र रात्री, गारव्यात उघडतो आणि पाणी वाचवतो. आहे की नाही हुशार?

पालकांनाही एक सांगणं. गझमॅनियासारख्या झाडांच्या पानांच्या मधोमध पाणी साठतं. त्यात डेंग्यूचे डास अंडी घालू शकतात. म्हणून दर आठवड्याला ते पाणी ओतून ताजं भरायचं.

आता खरी गोष्ट. शेंड्यापासून फळ यायला साधारण दोन वर्षं लागतात. म्हणजे चौथीतल्या मुलाने शाळेत शेंडा लावला, तर फळ येईपर्यंत तो सहावीत, दुसऱ्याच शाळेत! "मग बाई, आम्ही कशाला लावायचा?" असं तुम्ही विचाराल.

याचं उत्तर अननसच देतो. त्याच्या एका खोडाला एकदाच फळ येतं. नंतर ते हळूहळू वाळून जातं. पण जाण्याआधी बुडाशी फुटवे सोडतं. ते काढून लावले, की शेंड्यापेक्षा लवकर फळतात. तुम्ही लावलेल्या एका शेंड्याची अशी कितीतरी पिल्लं मागून येणाऱ्या मुलांना मिळतील. स्टेशनच्या वाटेवर ज्या झाडाखाली तुम्ही सावलीला थांबता, तेही कुणीतरी तुमच्यासाठीच लावलं ना?

तेव्हा कुंडीवर लावल्याची तारीख लिहा, आणि पाणी कोण घालणार त्याची पाळीही ठरवून टाका.

मग लागायचं ना कामाला?

— तुमच्या बाई