व्हिव्हियन स्ट्रिंगर : मैदानावरची पन्नास वर्षे

आपल्या देवणी भागात मुलगी दहावीला गेली की तिचे मैदान सुटते. ‘आता पुरे झाले खेळणे,’ असे घरातली मोठी माणसे म्हणतात आणि त्यात कुणाला काही वावगेही वाटत नाही. अशा पालकांनी आणि त्यांच्या मुलींनी अमेरिकेतील एका कृष्णवर्णीय बाईंची हकिगत जरूर वाचावी.

त्यांचे नाव सी. व्हिव्हियन स्ट्रिंगर. जन्म १९४८ सालचा, पेनसिल्व्हेनिया राज्यातील एडनबॉर्न या कोळसा खाणीच्या गावचा. वडील खाणकामगार. शाळेत मुलींचा बास्केटबॉल संघच नव्हता. सामन्याच्या वेळी कडेला उभे राहून मुलांच्या संघाला प्रोत्साहन देणाऱ्या मुलींचे पथक तेवढे होते. त्या पथकासाठी व्हिव्हियन सरस ठरूनही त्यांना डावलले गेले, कारण पथक गोऱ्या मुलींचे होते. तक्रार करायला त्यांचे मन धजेना. तेव्हा वडिलांनी समजावले, की हा प्रश्न तुझ्या एकटीचा नाही, तुझ्या मागून येणाऱ्यांचा आहे. दाद मागितली आणि जागा मिळाली.

१९७१ साली त्या चेनी स्टेट महाविद्यालयात शिकवू लागल्या. १८३७ साली कृष्णवर्णीयांसाठी निघालेली ही संस्था त्या प्रकारातील सर्वात जुनी. बाबासाहेबांनी १९५० साली औरंगाबादला मिलिंद महाविद्यालय ज्या लेकरांसाठी काढले, तशाच तिकडच्या लेकरांची ही शाळा. तिथे मुलींच्या संघाला शिकविण्याचे काम बाईंनी बिनपगारी पत्करले. १९७२ साली अमेरिकेत कायदा झाला. सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थेला स्त्री म्हणून भेदभाव करण्यास मनाई झाली. कायद्याने दार उघडले, पण आत शिरायला माणूस तयार लागतो. बाईंचा संघ तयार होता. १९८२ साली एनसीएएच्या महाविद्यालयीन महिलांसाठीच्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेत हे लहानसे, गरीब महाविद्यालय थेट अंतिम सामन्यात पोहोचले. तिथे मात्र ते हरले.

त्याच सुमारास घरावर संकट कोसळले होते. चौदा महिन्यांच्या मुलीला मेंदूज्वर झाला. ती पुढे कधी चालू-बोलू शकली नाही. १९८३ साली बाई आयोवा विद्यापीठात गेल्या. १९८५ साली तिथे महिलांचा एक सामना पाहायला २२,१५७ लोक आले. महिलांचे सामने कोण पाहतो, असे म्हणणाऱ्यांना हे उत्तर होते. १९९२ च्या नोव्हेंबरात पती हृदयविकाराने अचानक गेले. तीन मुले पदरात. तरीही त्याच हंगामात त्यांचा संघ शेवटच्या चारांत गेला.

१९९५ पासून त्या रटगर्स विद्यापीठात होत्या. २००७ साली त्यांचा संघ अंतिम सामना हरला आणि दुसऱ्या दिवशी एका प्रसिद्ध रेडिओ निवेदकाने या मुलींच्या रंगावर व केसांवर घाणेरडी टिप्पणी केली. बाईंनी शिवीला शिवी दिली नाही. मुलींना सोबत घेऊन त्या पत्रकारांपुढे बसल्या आणि सांगितले, की या मुली अभ्यासात पहिल्या येणाऱ्या आहेत, उद्याच्या डॉक्टर आहेत. निवेदकाची नोकरी गेली. त्याने माफी मागितली, ती मुलींनी समोरासमोर ऐकून घेतली आणि स्वीकारली.

२०२२ साली त्या निवृत्त झाल्या, तेव्हा नावावर १०५५ विजय होते. तीन वेगवेगळ्या संस्थांचे संघ शेवटच्या चारांत नेणाऱ्या त्या पहिल्या प्रशिक्षक. राष्ट्रीय विजेतेपद मात्र एकदाही मिळाले नाही. तरी २००९ साली बास्केटबॉलच्या सर्वोच्च सन्मानाच्या यादीत मायकेल जॉर्डनबरोबर त्यांचे नाव लागले.

आता आपल्याकडे पाहू. महाराष्ट्रात शासकीय नोकरीत पात्र खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण मिळतात. पण कागदाशिवाय काही होत नाही, हे कारकुनी करणाऱ्याला पक्के ठाऊक असते. म्हणून मुलगी शालेय स्पर्धेत खेळली, तर तिचे प्रमाणपत्र जपून ठेवा. जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात जाऊन नियम विचारा. शाळेत मुलींचा संघ नसेल, तर चार पालकांनी मिळून मुख्याध्यापकांकडे लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी.

त्या खाणकामगार बापाने मुलीला गप्प बस म्हटले नाही. एवढे तर आपल्यातल्या प्रत्येक बापाला जमण्यासारखे आहे.