एकाच घरचे दोन सारथी



गेल्या रविवारी मिस्सा आटोपून मी आवारात उभा असता गावातील एक तरुण जवळ आला. मोटारींच्या शर्यतींचा त्याला मोठा नाद. तो म्हणाला, "फादर, जर्मनीचा निको हुल्केनबर्ग २०१० सालापासून गाडी हाकतो आहे आणि २०२५ साली कुठे पहिल्यांदा तिसरा आला. त्याचा जुना जोडीदार, मेक्सिकोचा पेरेझ, सहा शर्यती जिंकून बसला. मग दोघांत सरस कोण, हे सांगायला पंडित कशाला हवा?" मी त्याला दोन शब्द सांगून वाटेला लावले, परंतु घाईने दिलेले ते उत्तर माझे मलाच अपुरे वाटले. म्हणून आज तोच विषय घेतो.

ज्यांना या खेळाची ओळख नाही त्यांच्यासाठी थोडे सांगावयास हवे. फॉर्म्युला वन या शर्यतीत प्रत्येक संघ आपली गाडी स्वतः घडवितो आणि तशा दोन गाड्या दोन चालकांच्या हाती देतो. पहिल्या दहांना गुण मिळतात: पहिल्यास २५, दुसऱ्यास १८, तिसऱ्यास १५, असे उतरत दहाव्यास १. पण सर्व गाड्या सारख्या नसतात. २०१४ ते २०१६ या तीन वर्षांत झालेल्या ५९ शर्यतींपैकी ५१ एकट्या मर्सिडीज संघाने जिंकल्या. उरलेल्या आठ रेड बुल व फेरारी यांनी वाटून घेतल्या. इतर संघांतील चालक कितीही कुशल असला, तरी पहिला येणे त्याच्या हाती जवळजवळ नव्हतेच. म्हणून मधल्या फळीतील चालकाची पारख करावयाची तर एकच माप उरते. ज्याच्या हाती तशीच गाडी आहे, त्या जोडीदाराशी त्याला ताडून पाहावे.

हुल्केनबर्ग आणि सर्जिओ पेरेझ हे त्या तीन वर्षांत फोर्स इंडिया संघात एकत्र होते. संघ विजय मल्ल्या यांचा, नाव आपल्या देशाचे, कारखाना मात्र इंग्लंडात सिल्व्हरस्टोनला. २०१४ साली हुल्केनबर्गने ९६ गुण मिळविले, पेरेझने ५९. पुढील वर्षी पेरेझ ७८, हुल्केनबर्ग ५८. २०१६ साली पेरेझ १०१, हुल्केनबर्ग ७२. बेरीज करा: पेरेझ २३८, हुल्केनबर्ग २२६. तीन वर्षांच्या धावपळीनंतर अंतर अवघे बारा गुणांचे! तरीही जगाने एकाला गुणी ठरविले आणि दुसऱ्याला दुर्दैवी, किंवा त्याहून वाईट म्हणजे, पोकळ.

असे का झाले? कारण पेरेझ चार वेळा तिसरा आला आणि हुल्केनबर्ग एकदाही नाही. या चार दिवसांकडे जरा बारकाईने पाहू. २०१४ साली बहरीनमध्ये पेरेझ चौथ्या जागेवरून निघून तिसरा आला. हुल्केनबर्ग अकराव्या जागेवरून निघून पाचवा. चषक एकाला मिळाला, पण सहा जागा चढून येणारा दुसरा होता. २०१५ साली रशियातील सोची येथे हुल्केनबर्गची गाडी पहिल्याच फेरीत गिरकी घेऊन बाद झाली. पेरेझने एकदा टायर बदलले आणि ५३ फेऱ्यांच्या त्या शर्यतीतील जवळजवळ चाळीस फेऱ्या त्याच टायरांवर काढल्या. शेवटी तो मागे पडला होता, इतक्यात पुढचे दोघे अखेरच्या फेरीत एकमेकांवर आदळले आणि तिसरी जागा पुन्हा त्याच्याकडे आली. २०१६ साली मोनॅकोच्या पावसात हुल्केनबर्ग पाचव्या जागेवरून निघून सहावा आला, पेरेझ सातव्यावरून तिसरा. त्याच वर्षी बाकूला पेरेझने निवड फेरीत दुसरा क्रमांक मिळविला, परंतु गिअरबॉक्स बदलल्याच्या दंडापायी तो सातव्या जागी ढकलला गेला; तेथूनही तो तिसरा आला. हुल्केनबर्ग त्या दिवशी नववा.

या चार दिवसांत पेरेझला ६० गुण मिळाले, हुल्केनबर्गला २०. ते चार दिवस बाजूला ठेवले तर पेरेझचे १७८ उरतात आणि हुल्केनबर्गचे २०६. म्हणजे उरलेल्या पंचावन्न दिवसांचा हिशेब उलट दिशेने बोलतो. कोणी म्हणेल, मग हुल्केनबर्गच श्रेष्ठ. तेही खरे नाही. एखाद्याचे उत्तम दिवस वगळून त्याला तोलणे हा न्याय नव्हे. पीक वर्षभर राखावे लागते हे खरे, पण ऐन सुगीच्या दिवशी विळा कोणाच्या हाती धारदार होता, हेही पाहावेच लागते. टायर न झिजविता वेग राखण्याची पेरेझची हातोटी त्या दिवसांत फळाला आली. उलट २०१४ साली पहिल्या दहाही शर्यतींत हुल्केनबर्गने गुण मिळविले, आणि ती माळ तुटली ती हंगेरीत जोडीदाराच्याच गाडीला घासल्यामुळे.

शिवाय "गाडी सारखीच" हे म्हणणेही पुरते खरे नाही. त्या काळी चालकाचे वजन गाडीच्या वजनातच धरले जाई. उंच, भारी देहाच्या हुल्केनबर्गला हा नियम जाचक होता. चालकासाठी ८० किलोंचे वेगळे किमान वजन २०१९ साली ठरले, म्हणजे दोघे वेगळे झाल्यानंतर.

आता यामागे काय पणाला लागते ते पाहा. अशा तुलनेवर माणसांची भाकरी अवलंबून असते. २०१९ सालानंतर हुल्केनबर्गला कोणत्याच संघाने जागा दिली नाही. २०२० च्या जुलैअखेरीस पेरेझ कोरोनाने आजारी पडला, तेव्हा त्याच्याच गाडीत ऐनवेळी बसावयास हुल्केनबर्गला बोलावणे आले. पहिल्या रविवारी गाडी सुरूच झाली नाही; दुसऱ्या आठवड्यात त्याने निवड फेरीत तिसरा क्रमांक पटकावला आणि शर्यतीत तो सातवा आला. त्याच वर्षी पेरेझलाही त्याच्या संघाने पुढील वर्षासाठी नको म्हटले. डिसेंबरात, बहरीनमधील साखीरच्या शर्यतीत, पहिल्या फेरीअखेर सर्वांच्या मागे पडलेला हाच पेरेझ जिंकला. त्या विजयानंतर काही दिवसांतच त्याला रेड बुल संघाचे दार उघडले.

तेथे त्याने आणखी पाच शर्यती जिंकल्या, २०२३ साली जगात दुसरा आला. पण २०२४ साली मॅक्स व्हेरस्टॅपनच्या ४३७ गुणांपुढे त्याचे १५२ झाले आणि त्याला जावे लागले. लोक लगेच म्हणाले, "पाहा, तो मुळातच सामान्य होता!" परंतु त्याच्या जागी २०२५ साली आलेला लियाम लॉसन दोनच शर्यतींनंतर बदलला गेला आणि त्याच्या मागून आलेला युकी त्सुनोदाही व्हेरस्टॅपनच्या जवळपास पोहोचला नाही. दोष केवळ माणसाचा नव्हता, हे तेव्हा उमगले.

आणि हुल्केनबर्ग? दिनांक ६ जुलै २०२५ रोजी, सिल्व्हरस्टोनच्या पावसात, सौबर संघाची गाडी घेऊन तो एकोणिसाव्या जागेवरून निघाला आणि तिसरा आला. ती त्याची २३९ वी शर्यत होती. वय ३७. त्या दिवशी तो एकाएकी गुणी झाला काय? कौशल्य आदल्या दिवशीही तेच होते. फरक एवढाच की दार उघडले, आणि दाराशी उभा असलेला माणूस तयार होता.

आपल्या भाषेत परीक्षेच्या अंकांनाही गुण म्हणतात आणि माणसाच्या अंगच्या चांगुलपणालाही गुणच म्हणतात. एकच शब्द असल्यामुळे आपण पुष्कळदा फसतो. अंक खोटे नसतात. पण कोणत्या दिवशी, कोणत्या ओझ्यासह, कोणत्या वाटेने ते मिळाले, हे अंक सांगत नाहीत. तेवढ्यासाठी मनुष्याला थांबून, सबंध हिशेब मांडून पाहावे लागते.

त्या तरुणाला मी आता एवढेच सांगेन: दोघांत सरस कोण, याचे एका शब्दाचे उत्तर माझ्यापाशी नाही. एका फेरीच्या वेगात बहुधा हुल्केनबर्ग पुढे, संधी साधण्यात पेरेझ. आणि दोघांनी मिळून तो लहानसा संघ २०१६ साली चौथ्या क्रमांकावर नेला, जे एकट्याला साधले नसते. आणि घरोघरच्या आईबापांनाही एक विनंती. लवकरच परीक्षेचे निकाल लागतील. एकाच छताखाली, एकाच ताटात जेवणाऱ्या दोन भावंडांचे गुणपत्रक शेजारी शेजारी ठेवून धाकट्याला थोरल्यासमोर हिणवण्याआधी, त्याच्या वाट्याला कोणते ओझे आले होते ते एकदा विचारून पाहा.