छाया कुणाच्या मालकीची?

महात्मा फुल्यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ कुणाला अर्पण केली, हे आपल्या वाचकांना सांगायला नको. अमेरिकेतल्या त्याच गुलामीविरोधी लढ्यातली सोजर्नर ट्रुथ ही बिनीची कार्यकर्ती. जन्माने गुलाम. अलाबामात बेकायदा विकलेला आपला मुलगा तिने १८२८ साली कोर्टाच्या मार्गाने सोडवून आणला. लिहिता-वाचता शेवटपर्यंत आले नाही. तिचा १८६४ सालचा फोटो आपण नीट पाहिला पाहिजे.

चेहऱ्यावरच्या सावल्यांच्या कडा मऊ आहेत. म्हणजे उजेड दिव्याचा नव्हे. स्टुडिओच्या मोठ्या काचेच्या खिडकीतून आलेला दिवसाचा उजेड. त्या काळी काचेवर कोलोडियन ओतून ती चांदीच्या क्षारात बुडवीत आणि ओली असतानाच कॅमेऱ्यात घालीत. बसणाऱ्याने काही सेकंद हलायचे नाही. या काचेची खोड अशी की निळा-पांढरा उजेड ती झटकन टिपते, तांबूस-तपकिरी रंग मात्र तिला जवळजवळ दिसतच नाही. सावळी कातडी असते त्याहून काळी उमटते. त्यात बाईंच्या अंगावर पांढरी शाल, डोक्यावर पांढरी टोपी! शालीचा हिशेब धरून काम उरकले असते तर चेहऱ्याचा नुसता काळा डाग झाला असता. तसे झालेले नाही. चेहरा स्वच्छ ओळखू येतो. काच चेहऱ्यासाठी उघडी ठेवली गेली, असाच याचा अर्थ.

हातात विणकाम, डोळ्यांवर चष्मा, शेजारी टेबलावर पुस्तक आणि फुले. आदल्याच वर्षी, १८६३ साली, एका गुलामाच्या चाबकाने सोललेल्या पाठीचा फोटो देशभर फिरला होता. या बाईने पाठ दाखवली नाही. ती घरंदाज बाईसारखी बसली.

पण माझ्यातल्या वकिलाला खरी गंमत कार्डावरच्या मजकुरात वाटते. छाया विकून काया सांभाळते, अशा अर्थाची ओळ खाली आहे. सभांतून ही कार्डे विकून ती पोट भरी. आणि मागे १८६४ सालची कॉपीराइटची नोंद आहे, ती फोटोग्राफरच्या नव्हे, तिच्या स्वतःच्या नावाने. फोटोंना कॉपीराइट देणारा कायदा अमेरिकन संसदेने केला तो ३ मार्च १८६५ ला!

पुढे १८८४ साली ऑस्कर वाइल्डच्या फोटोवरून तिथले सर्वोच्च न्यायालय म्हणाले की बैठक, पोशाख, उजेड-सावली फोटोग्राफर सारोनीने जुळवली, म्हणून कर्ता तोच. वाइल्ड त्या खटल्यात पक्षकारसुद्धा नव्हता.

आपल्या १९५७ च्या कायद्यातही कर्ता फोटो काढणाराच. मात्र कलम १७(ब) प्रमाणे, पैसे मोजून फोटो काढवून घेणारा हा, उलट करार नसेल तर, पहिला मालक ठरतो. मोर्चात न विचारता टिपलेल्या आपल्या आयाबहिणींना हे कलम लागू नाही. तो फोटो काढणाऱ्याचा, नाहीतर त्याच्या पेपरचा.