बुजरा शब्द

इंग्रजीत 'बॉक' असे एक क्रियापद आहे. लिहिताना त्यात 'एल' येतो, बोलताना पुष्कळजण तो गिळून टाकतात. अर्थ : कचरणे, ऐन वेळी पाऊल मागे घेणे. हा शब्द शिकवताना धुळ्याकडच्या एका शाळेत माझ्या हातून एक अपराध घडला. दिवाळीला घर झाडतात, तसा तो मनातून झाडून टाकतो.

मी वर्गाला विचारले, "चालता चालता घोडा एकदम थांबतो, पुढे पाऊलच टाकत नाही. त्याला काय म्हणाल?" मागल्या बाकावरचा एक शेतकऱ्याचा मुलगा उठला आणि म्हणाला, "बैल बुजस ना सर, तसं." वर्ग खो खो हसला. मीही हसलो. फळ्यावर ठसठशीत अक्षरांत 'संकोच करणे' असे लिहिले आणि वर त्याला बजावले, "शुद्ध बोलत जा." त्या पोराने वर्षभरात पुन्हा हात वर केला नाही.

पुढे एकदा सहज मोठा इंग्रजी कोश चाळला आणि खजील झालो. या शब्दाचा जन्म शेतातला! जुन्या इंग्रजीत 'बाल्का' म्हणजे उंचवटा, बांध. नांगरताना दोन तासांच्या मध्ये फाळ न लागता राहिलेली पट्टी, तीही 'बॉक'. अशी पट्टी सोडून जाणे हे झाले क्रियापद; त्यातून टाळणे, वगळणे हे अर्थ निघाले. मग वाटेत अडथळा दिसताच थबकणाऱ्या घोड्याला ते लागू झाले आणि घोड्यावरून माणसाला.

आता मराठी पाहा. जनावर बुजते, म्हणून माणूस बुजरा. तट्टू अडते, म्हणून माणूस अडेलतट्टू. इंग्रजी शब्द ज्या वाटेने गेला, त्याच वाटेने आमचेही शब्द गेले. त्या मुलाचे उत्तर नुसते बरोबर नव्हते, माझ्यापेक्षा सरस होते. संकोच म्हणजे आकसणे. त्यात ना घोडा, ना बांध, ना शेत!

कुणी म्हणेल, "मास्तर, बोली घरात ठीक, शाळेत प्रमाण भाषाच हवी." हवीच! अर्ज, परीक्षा, कचेरी तिच्यावाचून अडते. पण नवी पैरण घालायची म्हणून अंगाची कातडी का सोलायची? इंग्रज आपल्या शब्दाच्या पायाची माती कोशात जपून ठेवतो. आम्ही आमच्या पोराच्या तोंडातली माती खरवडून काढतो आणि त्याला शिक्षण म्हणतो.

आणि हे कुठे, तर खानदेशात! इतिहासाचार्य राजवाडे १९२६ साली धुळ्यात वारले. त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ तिथेच उभे राहिले आणि त्यांचा मराठी धातुकोश १९३७ साली त्या मंडळानेच छापला. मराठी क्रियापदांची मुळे ज्या गावाने जपली, त्याच मुलखात एका क्रियापदापायी पोराला हसावे? जळगावजवळच्या असोद्याच्या बहिणाबाई चौधरींना अक्षरओळख नव्हती. त्यांची गाणी पुस्तकरूपाने निघाली ती १९५२ साली, त्यांच्या निधनानंतर. त्यांना कुणी आधी 'शुद्ध बोला' म्हणून बजावले असते तर? मराठीचे केवढे नुकसान झाले असते!

बुजणे या शब्दासारखाच दिसणारा दुसरा शब्द आहे बुजवणे. विहीर बुजवावी, तसा त्या मुलाचा आवाज मी बुजवला. आज तो कुठे आहे, ठाऊक नाही. हे त्याच्या वाचनात आले तर त्याने या मास्तरला माफ करावे.

तुमच्याही घरी या दिवाळीला पुण्या-मुंबईची नातवंडे आली असतील. फराळाच्या ताटाशी आजी अहिराणीत काही बोलली तर हसू नका. "आजी, हा शब्द कुठला गं?" एवढे विचारा. उत्तर बहुधा शेतातूनच येईल.