बरोबरी म्हणजे पळपुटेपणा नव्हे!

खासबागेत निकाली कुस्ती बघत वाढलेले आम्ही कोल्हापूरकर बुद्धिबळातही चितपटच मागतो. परवा क्लबांच्या सांघिक सामन्यात आमच्या गल्लीतल्या पोराने एक प्यादे कमी असताना, दोघांचे उंट वेगवेगळ्या रंगांच्या घरांवरचे आहेत हे हेरून, चिवटपणे डाव बरोबरीत सोडवला. बाप सगळ्यांदेखत म्हणाला, "बरोबरी काय चाटायची हाय?" पोराचे डोळे भरले. अहो, हातचा गेलेला अर्धा गुण त्याने ओढून आणला होता! २०२५ च्या महिला विश्वचषकाच्या अंतिम फेरीत नागपूरच्या दिव्या देशमुखचे कोनेरू हंपीशी पहिले दोन्ही डाव बरोबरीतच सुटले. मग टायब्रेकमध्ये ती जिंकली. तीही पळपुटी का? मास्तरकी संपली, पण असला बाप दिसला की अजून राहवत नाही.